पोस्टमनच्या दंतकथेपलीकडचा जॉन प्राइन

अमेरिकन गीतकार-गायक जॉन प्राइन याच्याविषयी पहिला लेख छापून आला तो 9 ऑक्टोबर 1970 रोजी, ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात. लेखक रॉजर ईबर्ट हा त्या दैनिकाचा चित्रपट समीक्षक. शिकागोच्या आर्मिटेज अव्हेन्यूवरच्या ‘फिफ्थ पेग’ नावाच्या लहानशा ठिकाणी त्याने या तरुणाला गाताना ऐकले आणि दिवसा टपाल वाटून रात्री गाणारा पोस्टमन म्हणून वाचकांना त्याची ओळख करून दिली. दुसऱ्याच दिवशी प्राइनला चोवीस वर्षे पूर्ण झाली. लेख मनापासून लिहिलेला होता, नेमका होता आणि त्याने प्राइनचे भलेच केले. पण त्यातल्या पोस्टमनने पुढची पन्नास वर्षे प्राइनची पाठ सोडली नाही. 7 एप्रिल 2020 रोजी नॅशव्हिलच्या रुग्णालयात कोविडने त्याचा मृत्यू झाला, तेव्हाही त्याच्याबद्दल लिहिताना बहुतेकांनी सुरुवात टपालाच्या पिशवीपासूनच केली. या प्रतिमेत एक गृहीतक लपलेले आहे. माणूस साधा, म्हणून त्याची गाणी साधी. दारोदार फिरताना जे दिसले ते त्याने भाबडेपणाने गायले आणि ते आपोआप सुंदर झाले, असे ते गृहीतक. प्राइनच्या चाहत्यांनीही ते प्रेमाने जपले आहे. मला ते त्याच्यावर अन्याय करणारे वाटते. प्राइनच्या गाण्यांतला साधेपणा घडवलेला आहे. काय सांगायचे यापेक्षा काय सांगायचे नाही हे ठरवण्यात त्याची प्रतिभा खर्ची पडली आहे. त्याच्या आयुष्याकडे आणि गाण्यांकडे या बाजूने पाहिले, तर ती कितीतरी अधिक नीट दिसतात, हे या प्रस्तावनेतून मांडायचे आहे.

प्राइनचा जन्म 1946चा, शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या मेवुड या कामगारवस्तीच्या उपनगरातला. आईवडील मात्र मूळचे केंटकी राज्यातल्या म्युलनबर्ग काउंटीचे. वडील हत्यारे आणि साचे घडवणारे कुशल कारागीर आणि कामगार संघटनेतले माणूस. कामासाठी उत्तरेला आलेल्या लाखो दक्षिणी कुटुंबांसारखे हेही एक कुटुंब. राहायला शहराच्या कडेला, आणि सुट्टी लागली की गावाकडे. म्युलनबर्ग हा कोळशाच्या खाणींचा मुलूख, तसाच गिटारचाही. अंगठ्याने खर्जाचा ठेका धरून बाकीच्या बोटांनी सूर काढण्याची जी पद्धत मर्ल ट्रॅव्हिसच्या नावाने ओळखली जाते, ती याच मातीतली. ट्रॅव्हिस स्वतः इथला, आणि खाणकामगारांच्या कर्जबाजारीपणावर त्याने 1946 साली ‘सिक्स्टीन टन्स’ लिहिले. प्राइनला चौदाव्या वर्षी गिटार शिकवली ती थोरल्या भावाने, डेव्हने. त्याच्याकडून त्याला कार्टर फॅमिली या जुन्या गायक कुटुंबाची गाणी मिळाली, आणि पुढे शिकागोच्या ‘ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक’ या शाळेत रीतसर धडेही. म्हणजे 1970 साली ‘फिफ्थ पेग’मध्ये गायला उभा राहिलेला माणूस एका जुन्या परंपरेत घडलेला होता. मराठी वाचकाला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. आपल्या भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन माणसे असतात आणि गाण्याचे श्रेय तिघांत वाटले जाते. प्राइनच्या परंपरेचे नाते आपल्याकडे जुळते ते शाहिराशी. स्वतः रचायचे, स्वतः चाल लावायची आणि लोकांसमोर स्वतःच गायचे. अशा माणसाचा आवाज गोड आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. शब्द त्याच्या तोंडी शोभतात की नाही, हे पाहिले जाते.

आता पहिल्याच अल्बमकडे वळू. तो 1971मध्ये अटलांटिक कंपनीने काढला. मित्र स्टीव्ह गुडमनच्या आग्रहामुळे गीतकार-गायक क्रिस क्रिस्टोफरसनने शिकागोत प्राइनला ऐकले, मग न्यूयॉर्कच्या ‘बिटर एंड’ या क्लबमध्ये त्याला मंचावर बोलावले, आणि तिथे ऐकून अटलांटिकच्या जेरी वेक्सलरने त्याला करारबद्ध केले. या अल्बममध्ये तेरा गाणी आहेत आणि त्यातल्या चार-पाच गाण्यांनी अमेरिकन गीतलेखनाची पातळी बदलली. ‘सॅम स्टोन’ हे त्यातले सर्वांत कठोर. युद्धावरून परतलेला एक सैनिक गुडघ्यात बॉम्बचे तुकडे, छातीवर पदक आणि रक्तात मॉर्फिनचे व्यसन घेऊन घरी येतो. कुटुंब ढासळत जाते आणि शेवटी तो मरतो. या गाण्याचे आधीचे नाव लांबलचक होते. त्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ‘ग्रेट सोसायटी’ या घोषणेला टोमणा होता आणि ‘माजी सैनिक’ असा सरळ उल्लेखही. प्राइनने ते नाव काढून टाकले आणि एका माणसाचे नाव ठेवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाण्यात कुठेही व्हिएतनाम हा शब्द येत नाही. परदेशातल्या एका संघर्षातून तो आला, एवढेच कळते. 1971मध्ये अमेरिकेत दुसरे कुठले युद्ध असणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. पण शब्द गाळल्यामुळे भाषण टळले आणि माणूस उरला. ध्रुवपदात प्राइन बाजू बदलतो. कडव्यांत दुरून पाहणारा निवेदक असतो, ध्रुवपदात घरातले मूल बोलते, आणि बापाच्या दंडातल्या छिद्रात घरचा पैसा कसा जातो हे त्या मुलाच्या हिशेबाने सांगते. मुले दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालून फिरतात हा तपशील कडव्यात जाता जाता येतो. त्यावर निवेदक थांबत नाही, हळहळत नाही. हे भाबड्या माणसाचे लेखन नव्हे. नाव बदलणे, शब्द गाळणे, ध्रुवपदाला वेगळे तोंड देणे हे तिन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले आहेत. याच ध्रुवपदातली ख्रिस्ताविषयीची ओळ कंट्री गायक जॉनी कॅशला झेपली नाही, त्याने ती बदलून गायली. कॅशच्या श्रद्धेचा मान ठेवूनही असे वाटते, की बदललेल्या ओळीने गाण्याचा कणा काढून घेतला. मुलाला सांत्वन माहीत नाही, यावरच ते गाणे उभे आहे.

‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’ हे गाणे गायिका बॉनी रेटने 1974मध्ये ‘स्ट्रीटलाइट्स’ या अल्बममध्ये गायले आणि ते घरोघरी पोचले. ते लिहिणारा विशीतला पुरुष होता हे आजही अनेकांना ठाऊक नसते. संसाराला कंटाळलेली, वयापेक्षा म्हातारी झालेली एक बाई पहिल्याच ओळीत आपण कोण ते सांगते, आणि पुढे तिचे स्वयंपाकघर, त्यातल्या घोंगावणाऱ्या माश्या, दिवसभर काम करून संध्याकाळी परतणारा आणि काहीही न बोलणारा नवरा आपल्यासमोर उभे राहतात. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. विशीतल्या तरुणाने थकलेल्या बाईच्या तोंडून बोलावे, हा आगाऊपणा नव्हे काय? तिचे दुःख त्याने कुठून आणले? मराठी वाचक या प्रश्नाने एकदम बिचकणार नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आणि गौळणी स्त्रीच्या मुखातून आलेल्या आहेत, होनाजी आणि राम जोशी यांच्या लावण्यांतही बोलते ती बाईच. पण एवढ्याने आक्षेप मिटत नाही, कारण विरहिणी ही जिवाची अवस्था असते आणि लावणीतली नायिका बहुधा एक ठरलेले पात्र. प्राइनची बाई मात्र एका ठरावीक घरातली, एका ठरावीक कंटाळ्यातली बाई आहे. म्हणून त्याच्यावरची जबाबदारीही मोठी. ती तो कशी पेलतो हे पाहावे. तिच्या नवऱ्याला तो खलनायक करत नाही. तिला मारहाण झाली, फसवणूक झाली असे एकही ठोस कारण देत नाही. कारण दिले असते तर ऐकणाऱ्याला दया दाखवून मोकळे होता आले असते. कारण नाही म्हणून तिच्या मागण्यालाही आकार नाही. तिला रोडिओच्या खेळाचे एखादे जुने पोस्टर, धरून ठेवायला एखादी गोष्ट, एवढेच हवे आहे. आगाऊपणाचा आक्षेप लागू होतो तो जो लेखक दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ सांगू लागतो त्याला. प्राइन अर्थ सांगत नाही, आणि पन्नास वर्षे स्त्रिया हे गाणे आपले म्हणून गात आल्या आहेत, हा पुरावा माझ्या दृष्टीने कमी नाही.

हा संयम प्रत्येक गाण्यात टिकतो असे मात्र मी म्हणणार नाही. ‘हॅलो इन देअर’ हे गाणे बेट मिडलर आणि जोन बाएझ यांनी गायले, आणि प्राइनच्या चाहत्यांना ते सर्वांत प्रिय आहे. एक म्हातारा आपल्या घराची हकीकत सांगतो. मुले दूर गेली, एक ओमाहाला, एक कुठे रस्त्यावर भटकत. एक कोरियाच्या युद्धात गेला आणि तो कशासाठी गेला हे अजून कळलेले नाही. बायको मागच्या दाराच्या जाळीतून बाहेर पाहत बसते. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन करावा असे त्याच्या मनात येते, पण तो काय नवीन म्हणाला तर सांगायला काहीच नाही. इथपर्यंत गाणे निर्दोष आहे. शेवटच्या कडव्यात मात्र म्हातारा ऐकणाऱ्याकडे वळून रस्त्यावरच्या वृद्धांशी कसे वागावे ते सांगतो, आणि ते कडवे उपदेशाकडे झुकते. प्राइन भावविवश आहे असे म्हणणारे टीकाकार याच कडव्याकडे बोट दाखवतात, आणि मला त्यांचे बोट योग्य जागी वाटते. फक्त त्यांनी आधीच्या कडव्यांतला मुलाच्या मृत्यूचा उल्लेखही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावा. तो एका वाक्यात येतो आणि लगेच विषय बदलतो, जसा घरात बदलला जातो. दुसरा एक आक्षेप संगीताचा: तीन कॉर्डवर सगळा संसार, चाली एकमेकींसारख्या. बऱ्याच गाण्यांबाबत ते खरे आहे, आणि ती कंट्री संगीताची चौकटच आहे. पण ‘हॅलो इन देअर’ ऐकताना कॉर्ड मोजून पाहा. तोवर शिकलेले सगळे कॉर्ड वापरायचे असे ठरवूनच आपण ते बांधले, असे प्राइनने सांगितले आहे. कमी कॉर्ड वापरणे ही त्याची असमर्थता नव्हती. गरज भासली तेव्हा त्याने जास्त वापरले.

‘पॅरडाइज’विषयीचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे, कारण तो वस्तुस्थितीवर घेतला गेला. म्युलनबर्ग काउंटीत ग्रीन नदीच्या काठी पॅरडाइज नावाचे खेडे होते, प्राइनच्या घरच्यांचे. गाण्यात एक मूल बापाला तिकडे घेऊन चल म्हणते आणि बाप म्हणतो, उशीर झाला बाळा, पीबडी कंपनीच्या कोळशाच्या गाडीने ते नेले. हे गाणे प्राइनने वडिलांसाठी लिहिले. ध्वनिफीत घरी आणली तेव्हा त्या गाण्यापुरते वडील शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले, ज्यूकबॉक्सवर लागल्यासारखे ऐकायचे म्हणून, अशी त्याने सांगितलेली आठवण आहे. अल्बम बाजारात येण्याआधीच 1971मध्ये ते वारले. गाणे गाजल्यावर पीबडी कंपनीने त्याचा प्रतिवाद करणारे पत्रक काढले. कंपनीला बोलायला जागा होती, हे कबूल करायला हवे. पॅरडाइज हे खेडे 1967मध्ये उठले ते तिथे उभ्या राहिलेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटी या सरकारी संस्थेच्या वीजकेंद्रामुळे. केंद्राची राख गावावर पडत होती आणि संस्थेने रहिवाशांची घरे विकत घेतली. म्हणजे गाव उचलून नेले ते कोळशाच्या गाडीने, हे अक्षरशः खरे नाही. पण त्या केंद्रात जळत होता तो आसपासची जमीन खरवडून पीबडीने काढलेलाच कोळसा. वरची जमीन आणि जंगल सोलून खालचा थर उचलण्याची ती पद्धत होती आणि तिने त्या मुलखाची रया घालवली. शिवाय गाण्याची रचना पाहावी. गाव कंपनीने नेले असे गीतकार म्हणत नाही, बाप म्हणतो, आणि तो मुलाला समजेल इतपत उत्तर देतो. लहान मुलाला सरकारी वीजमंडळ आणि राखेचे प्रमाण कोणी समजावत नाही. प्राइनला वृत्तान्त लिहायचा असता तर त्याने हे उत्तर बापाच्या तोंडी घातले नसते.

एवढी कारागिरी होती, तर ती प्राइनने स्वतः का नाकारली, असे विचारता येईल. मुलाखतींतून तो स्वतःला आळशी म्हणे, गाणी अचानक सुचतात म्हणे. टपाल वाटताना थंड वाऱ्यापासून आडोसा म्हणून टपालाच्या मोठ्या पेटीत बसून डबा खाल्ल्याच्या गोष्टी तो रंगवून सांगे. या गोष्टी खोट्या नाहीत. पण प्रतिभा झऱ्यासारखी आपोआप वाहत असती तर ती सतत सारखीच वाहायला हवी होती, आणि तसे झालेले नाही. 1975चा ‘कॉमन सेन्स’ आज ऐकताना सैल वाटतो. 1978चा ‘ब्रूज्ड ऑरेंज’ गुडमनने निर्माता म्हणून हाती घेतला आणि तो घट्ट झाला. 1991चा ‘द मिसिंग इयर्स’ टॉम पेटीच्या वाद्यवृंदातल्या हाउई एपस्टाइनने चिकाटीने घडवून घेतला, आणि प्राइनला पहिले ग्रॅमी मिळाले. जिथे मागे लागणारा, खोडायला लावणारा माणूस सोबत होता तिथे प्राइन उत्तम आहे. आणखी एक पुरावा त्याच्या नकाराचा. गुडमनबरोबर लिहिलेल्या ‘यू नेव्हर इव्हन कॉल्ड मी बाय माय नेम’ या विनोदी गाण्यावर प्राइनने आपले नाव घातले नाही, कारण त्यात कंट्री संगीताची आणि ते ऐकणाऱ्यांची खिल्ली उडते असे त्याला वाटले. 1975मध्ये डेव्हिड ॲलन कोने ते गाऊन गाजवले, तरी प्राइन गप्प राहिला. आपल्या माणसांवर हसायचे नाही, त्यांच्याबरोबर हसायचे, ही रेषा त्याने जाणून आखलेली होती. ‘प्लीज डोन्ट बरी मी’ आणि ‘डिअर ॲबी’ यांसारख्या 1973च्या गाण्यांतली धमाल ऐकली की ही रेषा कळते. राजकीय गाण्यांत मात्र ती कधी कधी सुटते. झेंड्याच्या स्टिकरवरचे त्याचे गाणे अजून चालते, कारण त्यात निवेदक स्वतः स्टिकरच्या मागे अडकतो. पण 2005च्या ‘सम ह्यूमन्स एन्ट ह्यूमन’मध्ये तो सरळ न्यायाधीश होतो आणि गाणे फिके पडते.

धंद्याच्या बाजूबद्दल थोडक्यात. 1981मध्ये मोठ्या कंपन्या सोडून प्राइनने व्यवस्थापक अल बुनेटा याच्यासह ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी सुरू केली. 1984च्या ‘एमलेस लव्ह’साठी चाहत्यांनी रेकॉर्ड निघण्याआधीच पैसे पाठवले होते. त्या काळात प्रस्थापित गायकाने असे करणे हे पदच्युत झाल्यासारखे मानले जाई. घाईने रेकॉर्ड काढण्याचा तगादा मात्र त्यामुळे संपला, आणि ज्याला खोडायला वेळ लागतो अशा लेखकाला तो वेळ मिळाला. नव्या गाण्यांचे त्याचे शेवटचे दोन अल्बम 2005चा ‘फेअर अँड स्क्वेअर’ आणि 2018चा ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’. मधली तेरा वर्षे कुठल्याही कंपनीने सोसली नसती.

स्वतःच्या कंपनीच्या या काळात शरीराने त्याला दोनदा गाठले. 1998मध्ये मानेला कर्करोग झाला, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले, आवाज खाली उतरला आणि खरखरीत झाला. 2013मध्ये फुप्फुसाची शस्त्रक्रिया झाली. ‘हॅलो इन देअर’मधला म्हातारा आता खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात बोलू लागला, आणि अनेकांनी लिहिले की गाणी आता खरी झाली. या विधानाशी माझे पटत नाही. 1971ची ध्वनिमुद्रणे ऐकली तर तरुण आवाज कुठेही म्हातारपणाचे सोंग आणत नाही. नाकातला, जरा ओबडधोबड, सरळ आवाज शब्द पुढे ठेवतो आणि बाजूला होतो. गाणी तेव्हाही खरी होती. नंतर बदलली ती पट्टी. आवाज उतरल्यामुळे प्राइनला जुनी गाणी खालच्या सुरात बांधावी लागली, आणि त्यामुळे ती आपल्याला पुन्हा नवी वाटू लागली, असे तो सांगे. आजाराकडेही त्याने कारागिराच्या नजरेने पाहिले. ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला, ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत वरची जागा. त्यातल्या शेवटच्या गाण्यात तो स्वर्गात गेल्यावर काय काय करणार ते हसत सांगतो. मृत्यूनंतर 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आय रिमेंबर एव्हरीथिंग’ला दोन ग्रॅमी मिळाले.

प्राइन नव्याने ऐकणाऱ्याने 1971च्या अल्बमपासून सुरुवात करावी, मग ‘द मिसिंग इयर्स’, मग 2018चा अल्बम. ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’ आधी प्राइनच्या आवाजात ऐकून नंतर बॉनी रेटचे ऐकावे, म्हणजे लिखाण कुठे संपते आणि गायन कुठे सुरू होते ते कळेल. आणि वर मांडलेले म्हणणे ज्याला तपासून पाहायचे असेल त्याने 1995चे ‘लेक मेरी’ अवश्य ऐकावे, कारण माझ्या मांडणीत ते सहज बसत नाही. त्यात कडवी जवळजवळ बोललेली आहेत आणि फक्त ध्रुवपद गायलेले. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या सीमेवरच्या दोन तळ्यांच्या नावांची दंतकथा, एका जोडप्याचे विस्कटत गेलेले लग्न आणि टीव्हीवर दिसलेला खून, असे तीन तुकडे त्यात शेजारी ठेवले आहेत, आणि ते एकमेकांशी का जोडले आहेत हे प्राइन कुठेही सांगत नाही. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे साधा आहे, एकत्र आल्यावर ते भीतीदायक होतात. हे ठरवून केलेले आहे की हाताला लागेल ते जोडले आहे, याचा निकाल वाचकाने गाणे दोन-तीनदा ऐकून स्वतः द्यावा.